वाटी आणि काटा

तांदूळ मापाला वळतात. साखर वळते, पीठ वळतं, रवा तर वाटीत पडल्यापडल्या वाटीचाच होऊन जातो. फळांना मात्र ही शिस्त नाही. वाटीभर करवंदं घ्या, त्यातली चार काठावर बसून राहतात. ती धरायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. वाटीभर आवळे म्हणजे मोजून तीन आवळे आणि बाकीची वाटी मोकळी. वाटीभर कलिंगड ही कल्पनाच चिरल्याशिवाय करता येत नाही, आणि चिरलं की प्रश्न कलिंगडाचा राहत नाही, फोडींचा होतो. फोड केवढी, यावर किती मावतील ते ठरणार; आणि फोड केवढी, हे सुरी कोणाच्या हातात आहे त्यावर. आमच्याकडे एका घरात तीन आकारांच्या फोडी होतात आणि तिन्ही करणाऱ्यांना आपलीच फोड ‘मध्यम’ वाटते.

बाजाराने यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे: फळ तितकी मापं. केळी डझनाने. हापूस डझनाने नाहीतर पेटीने, आणि पेटीत डझन किती हे आंब्याच्या अंगावर. द्राक्षं, चिकू, डाळिंबं किलोने. नारळ आणि अननस नगाने. जांभळं-करवंदं घाटातल्या थांब्यावर पानाच्या द्रोणातून. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पनेटमधून. इतकंच काय, पिकण्यालासुद्धा माप आहे. कोकणातला बागायतदार लांब पाठवायचा हापूस ‘चौदा आणे’ तयार झाला की उतरवतो. उरलेले दोन आणे आंबा पेंढ्यात आणि प्रवासात भरून काढतो. नाण्यांची दशमान पद्धत १९५७ साली आली, आणे व्यवहारातून हळूहळू गेले, आंब्यावर मात्र ते अजून चालतात.

माप म्हटलं की मला शाळेबाहेरची बोरवाली आठवते. तिच्यापाशी पत्र्याचा एक लहान डबा असे, बुडाला आतल्या बाजूने पोचा आलेला. तो ती बोरांच्या राशीत खुपसून वर काढी, तेव्हा त्याला चांगली शीग लागलेली असे. मग मनगटाला एक हिसका. त्यासरशी शीग राशीत उतरे आणि डबा जेमतेम काठाशी येई. डबा आपल्या ओंजळीत रिता केल्यावर ती स्वतःच्या हाताने वर चार बोरं टाकी. शीग गेली ते कोणाच्या ध्यानात येत नसे. वरची चार मात्र दिवसभर सांगायला पुरत. आकारमानाने माल विकण्याची सगळी विद्या त्या एका हिसक्यात होती.

स्वयंपाकघराने मात्र बाजाराचा बहुढंगीपणा उचलला नाही. तिथे राज्य वाटीचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ निघालं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघर गेलं. त्यात मोठी सोय होती. घरात वजनकाटा नसे, वाटी असे. आणि वाटीचा हिशोब प्रमाणाचा असल्यामुळे वाटी कोणतीही चाले. एक वाटी रवा, एक वाटी साखर. वाटी लहान तर शिरा थोडा, वाटी मोठी तर शिरा फार, पण शिरा तोच. शेजारणीची वाटी तुमच्या वाटीएवढी आहे का, हे विचारायची गरजच पडत नाही. सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालणारं इतकं भरवशाचं माप दुसरं दाखवा.

अट एवढीच, की सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजायचे. ही अट मोडते ती अमेरिकेचा कप घरात आला की.

हल्ली ओव्हन असलेल्या प्रत्येक घरात कपांचा एक संच असतो, एकात एक बसणारा. त्यावर ‘एक कप’ असं कोरलेलं असतं, जणू जगात एकच कप आहे. अमेरिकेचा कप २३७ मिलीचा. तिथल्या डब्यांवर पोषणमूल्यं छापताना तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५०. जपानचा २००, आणि जपानी राइस कुकरबरोबर तांदळासाठी जो कप येतो तो १८० मिलीचा. म्हणजे कप हे माप आहे असं म्हणण्यापेक्षा ते आडनाव आहे असं म्हणावं; एकाच आडनावाची माणसं निरनिराळ्या उंचीची असायचीच.

अमेरिकन गृहिणीला सपाट कपाची शिस्त लावली ती फॅनी फार्मर या बाईंनी. बोस्टनच्या पाकशाळेच्या त्या मुख्य. १८९६ साली त्यांनी पाककृतींचं जाडजूड पुस्तक काढलं. प्रकाशकाला ते खपेलसा भरवसा नव्हता, म्हणून पहिल्या आवृत्तीच्या छपाईचा खर्च बाईंनीच केला. पुढे ते पिढ्यान् पिढ्या खपत राहिलं. चिमूटभर, ढेकळाएवढं, अंड्याएवढं असल्या अंदाजांना त्यांनी फाटा दिला. कप भरायचा आणि वरून सुरीची धार फिरवून सपाट करायचा. पिठाला हे उत्तम लागू पडतं. पण स्ट्रॉबेरीने भरलेल्या कपावरून सुरी फिरवून पाहा. काठावरची स्ट्रॉबेरी अर्धी कापली जाते नाहीतर उडून ओट्यामागे जाते.

अमेरिकेच्याच कृषी खात्याने पोषणमूल्यांचे जे तक्ते केले आहेत त्यात एक कप स्ट्रॉबेरीची वजनं दिलेली आहेत. अख्ख्या असतील तर १४४ ग्रॅम. अर्ध्या चिरल्या तर १५२. चकत्या केल्या तर १६६. आणि गर केला तर २३२. कप तोच, फळ तेच, मध्ये फक्त सुरी फिरली आणि वजन आधी सुमारे पंधरा टक्क्यांनी वर, मग दीडपटीच्याही पुढे गेलं. आता पाककृतीत ‘एक कप स्ट्रॉबेरी चिरून’ असं लिहिलं असेल तर कप भरून मग चिरायच्या, की चिरून मग कप भरायचा? आपल्याकडेही हे आहेच. ‘एक वाटी कैरी किसून’ आणि ‘एक वाटी कैरीचा कीस’ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि लिहिणारीच्या मनात त्यातली कोणती होती हे वाचणारीला साखर विरघळल्यावर कळतं.

सगळा घोटाळा हवेचा आहे. फळ मुळात बहुतेक पाणीच, त्यामुळे त्याच्या गराचं वजन जवळपास तेवढ्याच पाण्याइतकं भरतं. वाटीत जे कमी पडतं ते फळाफळांमधल्या पोकळीमुळे. हे पाहायला प्रयोगशाळा नको. आमची आमटीची वाटी काठोकाठ दीडशे मिलीची. ती द्राक्षांनी सपाट भरली, काट्यावर ठेवली, तर द्राक्षं पंचाण्णव ग्रॅमच्या आसपास भरली. मग त्याच वाटीत हळूहळू पाणी ओतलं. द्राक्षांच्या फटीतून पाणी वर येत येत काठाशी पोचेपर्यंत साठेक मिली मावलं. डोळ्यांना भरलेली दिसणारी वाटी दोन-पंचमांश रिकामी होती. सुपात पडलेल्या द्राक्षाच्या घडाकडे त्यानंतर मी वेगळ्या नजरेने पाहू लागले; यातलं मी विकत घेतलेलं किती आणि वारा किती!

या पोकळीमागे मोठमोठी माणसं लागली होती. गोल फळं एकमेकांवर कशी रचली तर कमीत कमी जागा वाया जाईल? मोसंब्यांच्या गाडीवाल्याला हे विचारा; तो बोलणार नाही, रचून दाखवील. खाली ओळी, त्यांच्या खाचांत वरची ओळ, त्यांच्या खाचांत त्यावरची. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६११ साली, षट्कोनी हिमकणांवर लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेत, हीच रचना सगळ्यांत दाट असं म्हणून ठेवलं. तीत ७४ टक्के जागा फळांची आणि २६ टक्के हवेची. म्हणून ठेवलं, सिद्ध केलं नाही. ते सिद्ध करायला टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाला १९९८ साल उजाडलं, आणि तेही संगणकाच्या मदतीने. इतकं लांबलचक गणित, की तपासणारे थकले आणि शेवटी २०१४ साली संगणकाकडूनच त्याची ओळनओळ पडताळून घ्यावी लागली. चारशे वर्षं गेली. तोवर गाडीवाल्यांच्या कितीतरी पिढ्यांनी मोसंबी रचून विकली.

रचण्याची तसदी न घेता नुसती ओतली, हलवून बसवली, तर गोल वस्तू जास्तीत जास्त ६४ टक्के जागा धरतात. यातली गंमत अशी, की फळ लहान की मोठं याने काही बिघडत नाही. मोठ्या टोपलीत बोरं ओता की हारा भरून मोसंबी ओता, हवेचं प्रमाण तेच. ‘बारीक बोरं घेतली तर मापात जास्त बसतात’ हा माझा बालपणापासूनचा समज भूमितीने मोडीत काढला. नगाने जास्त बसतात, बोरं तेवढीच. बिघाड होतो तो भांडं फळाच्या मानाने लहान असलं की. कडेला फटी राहतात. म्हणून आवळ्याच्या बाबतीत वाटीने बोलूच नये.

त्यातून साल, बी, कोय, चोथा हा आणखी एक थर. ‘एक किलो आंबा’ म्हणजे कोयीसकट की रस काढून? पाव किलोचा हापूस साल-कोय वजा जाता दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम गर देतो. म्हणजे दोन वाट्या रस हवा तर दोन आंबे हाताशी हवेत, आणि कोयी चोखणारी मुलं घरात असतील तर तीन. परदेशातल्या आपल्या लोकांनी हा प्रश्न डब्याने सोडवला आहे. तिथल्या भारतीय दुकानांतला आमरसाचा डबा ८५० ग्रॅमचा. अमेरिकन कपाने साडेतीनला थोडा कमी. डल्लास असो की न्यू जर्सी, आम्रखंडाचा हिशोब ‘इतक्या दह्याला एक डबा’ असा चालतो. तिथे वाटीही नाही, कपही नाही, काटाही नाही. मापाचं काम टिनपत्र्याने केलं.

केळ्याचं निराळंच. अमेरिकन पाककृतीत ‘तीन मध्यम केळी’ असं लिहिलेलं असतं. तिकडचं मध्यम केळं सोलल्यावर ११८ ग्रॅम धरतात. तीन केळी म्हणजे साडेतीनशे ग्रॅम गर. आपल्याकडे कोणी त्याजागी तीन वेलची केळी कुस्करून घातली, तर केक न होता भाकरी झाली म्हणून केळ्यांना दोष देऊ नये. उलट शिकरणाला हा हिशोब नकोच. माणशी एक केळं, पाहुणा आला तर दूध वाढवायचं.

वजनाकडे वळलं की सगळा गोंधळ संपतो अशी माझी समजूत होती. पण आपल्याकडे वजनाचीही मोठी गंमत होती. शेर दोन होते. एक मापी, एक वजनी. धान्य मापी शेराने: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. गूळ-तूप वजनी शेराने, ऐंशी तोळ्यांच्या. म्हणजे ९३३ ग्रॅम. दोघांचं नाव एक. जुन्या बाईने ‘शेराला शेर’ सांगितलं, तर ती कोणत्या शेराला कोणता शेर म्हणते आहे हे तिच्या कोठीच्या खोलीत जाऊनच कळायचं. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, दोन वर्षांनी मेट्रिक वजनं बाजारात यायला लागली, १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. शेर गेला. तरी भाजीवाल्याकडे आपण अजून पावशेर मिरच्या मागतो आणि तो पाव किलो तोलतो. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. सतरा ग्रॅम मिरच्या आपल्याला दशमान पद्धतीने वर घातल्या आहेत, त्या बोरवालीसारख्याच. शीग कुठून काढून घेतली ते मात्र अजून कळलेलं नाही.

आता आमच्या घरातल्या साखरांब्याकडे येते.

माझी आई साताऱ्याची. तिच्याकडे साखरांबा ‘एकास दीड’. सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे ‘एकास एक’. माझं लग्न झालं तेव्हापासून दर चैत्रात हा वाद नव्याने मोहरतो. एकास दीड घातलं तर कैरी लागते कुठे, नुसता साखरेचा पाक, असं सासूबाईंचं म्हणणं. एकास एक घातलं तर आषाढापर्यंत बुरशी धरेल, असं आईचं. दोघींच्या बरण्या मात्र पुढल्या चैत्रापर्यंत टिकत, आणि खरं सांगायचं तर डोळे मिटून चाखल्यावर कोणती कोणाची हे मला सांगता आलं नसतं. हे मी दोघींनाही कधी बोलले नाही. सुनेला आणि लेकीला काही गोष्टी कळत नसलेल्याच बऱ्या.

यंदा या वादाला तोंड फुटलं ते माझ्या लेकीमुळे. ती म्युनिकला असते. तिथल्या एका आशियाई दुकानात तिला हिरव्यागार कैऱ्या मिळाल्या आणि तिने व्हिडिओ कॉल लावला.

“आजी, साखरांब्याचं प्रमाण सांग ना. ग्रॅममध्ये.”

“ग्रॅम कसले गं? एक वाटी कीस, एक वाटी साखर.”

“कोणती वाटी?”

“आमटीची.”

“आमटीची म्हणजे केवढी?”

सासूबाईंनी वाटी उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. “ही बघ. एवढी.”

“आजी, पडद्यावर ती टोपाएवढी दिसतेय!”

“मग तुला जी मिळेल ती घे. दोन्हीला तीच घे म्हणजे झालं.”

इथे खरं तर सासूबाईंनी प्रमाणशास्त्राचं सार सांगितलं होतं. पण लेकीकडे वाटीच नव्हती. होता तो काटा. जर्मन पाककृती बहुतेक ग्रॅममध्येच असतात, आणि काटा नसलेलं स्वयंपाकघर तिकडे अर्धवट समजतात. तेव्हा तिने आपलं साधं केलं: एकास एक, म्हणजे पाचशे ग्रॅम कीस, पाचशे ग्रॅम साखर. तेवढ्यात तिला तिथल्या दुकानात जॅमसाठी मिळणाऱ्या साखरेची पुडी आठवली. त्या पुडीवर आकडेच छापलेले असतात. काहींवर १:१, काहींवर २:१, काहींवर ३:१. पहिला आकडा फळाचा, दुसरा साखरेचा, दोन्ही वजनाने. “आजी, इथे तर फळाच्या निम्मी साखरसुद्धा चालते!”

“निम्मी? आणि टिकायचं कसं?”

टिकतं, कारण त्या साखरेत फळ आळून यावं म्हणून पेक्टिन, आंबटपणासाठी आम्ल आणि कमी साखरेच्या पुड्यांत बहुतेकदा टिकण्यासाठी परिरक्षकही आधीच घातलेलं असतं. पण सासूबाईंचा प्रश्न योग्य होता. मुरवलेलं फळ टिकवणारी साखरच. तिचं प्रमाण पुरेसं झालं की पाणी तिच्यात अडकून पडतं आणि बुरशीच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत जॅमला निदान ४५ टक्के फळ लागतं आणि तयार जॅममध्ये विरघळलेले घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, निदान ६५ टक्के. आता आईचं ‘एकास दीड’ पाहा. शंभर ग्रॅम किसाला दीडशे ग्रॅम साखर: चुलीवर चढण्याआधीच साठ टक्के साखर. थोडं पाणी आटलं की पासष्ट ओलांडली. साताऱ्याच्या बायकांनी नियम न वाचता तो पाळला होता.

मग एकास एकवाल्या रत्नागिरीच्या बरण्या टिकत कशा?

मी वाटी काट्यावर ठेवली. सपाट साखर भरली, सव्वाशे ग्रॅम. ती काढून कैरीचा कीस सैल टाकला, पाऊणशेच्या आसपास. दाबदाबून भरला, शंभरावर गेला. “अहो आई,” मी सासूबाईंना म्हटलं, “तुम्ही भरून दाखवा बघू, नेहमीसारखी.” त्यांनी कीस घातला, तीन बोटांनी हलकेच चेपला, अंगठ्याने काठ पुसला. काट्यावर चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी ग्रॅम किसाला सव्वाशे ग्रॅम साखर. भागाकार करायला मोबाइल काढला. उत्तर आलं, एकास दीड. कसर फक्त दशांशाच्या दुसऱ्या घरातली.

म्हणजे आई मोठा घाट घालायची, कीस आणि साखर किलोने तोलायची आणि एकास दीड म्हणायची. सासूबाई त्याच प्रमाणात घालायच्या, पण वाटीने मोजायच्या आणि एकास एक म्हणायच्या. दोघींचा साखरांबा एक, दोघी वर्षानुवर्षं भांडल्या त्या आकड्यांवरून, आणि ‘एक’ म्हणजे एक काय, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मधला फरक सासूबाईंच्या तीन बोटांत होता. म्युनिकचा साखरांबा चुकला असता तो एवढ्याचसाठी: प्रमाण वाटीचं आणि मोजणी काट्याची. वाटीचं प्रमाण वजनात न्यायचं तर कीस आणि साखर दोन्ही आधी वाटीने भरून तोलायला हवेत. आकडा तसाच उचलून नेला की साखर एकतृतीयांश कमी पडते.

अर्थात चूक निस्तरायला चुलीवर दुसरी संधी असते. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं उघडली की तार येते, एकतारी, दोनतारी. साखर किती, पाणी किती, कैरी किती रसाळ निघाली, या सगळ्याचा जमाखर्च त्या तारेत एकदम दिसतो. जर्मन लोक यासाठी तापमापक लावतात. जॅम साधारण १०५ अंशांवर उतरवतात. पण तापमापकालाही आपण कुठे आहोत हे सांगावं लागतं. महाबळेश्वरात, साडेतेराशे मीटर उंचीवर, साधं पाणीच सुमारे ९५ अंशांवर उकळायला लागतं; तिथे १०५ ची वाट पाहिली तर स्ट्रॉबेरीचा जॅम न होता चिक्की होईल. तारेला उंचीचं सोयरसुतक नाही.

तेव्हा वाटी की काटा या प्रश्नावर माझं आता ठाम मत असं. पहिल्यांदा करताय, किंवा दुसऱ्या देशातली पाककृती करताय, किंवा ओव्हनमध्ये काही घालताय आणि दार लावल्यावर हात घालता येणार नाही, तर तोला. फळ सोलून, बी काढून, चिरून झाल्यावर तोला, आणि तसं लिहून ठेवा. पाककृतीत कप असेल तर तो कोणत्या देशाचा ते आधी पाहा. रस आणि गर असेल तर मिली तितके ग्रॅम धरायला हरकत नाही. अख्खी लहान फळं असतील तर मापाच्या मिलीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. कीस असेल तर कोणाच्या हातचा ते विचारा. ओल्या नारळाचा चवही ह्याच जातीचा. मोदकाच्या सारणात ‘दोन वाट्या चव, एक वाटी गूळ’ म्हणताना चव चेपला आणि गूळ भुरभुरला, तर उकडलेल्या मोदकात नुसता नारळ लागतो. पण वर्षानुवर्षं तोच पदार्थ, त्याच वाटीने, त्याच हाताने होत असेल, तर काटा फडताळात ठेवा. तो हात हाच काटा आहे, आणि त्याला सेल लागत नाहीत.

लेकीने दोन्ही आज्यांच्या नावाने एक तक्ता केला. कैरीचा कीस १००, साखर १५०, पाक एकतारी. मला वाटलं, चला, एका वादाचा निकाल लागला. दोघींना फोनवर एकत्र आणून मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की तुम्ही दोघीही बरोबर होता. पलीकडे काही क्षण शांतता. मग आई म्हणाली, “असेल बाई.” सासूबाई म्हणाल्या, “हं.” इतक्या वर्षांचा वाद, आणि कोणीच हरलं नाही, एवढी निराशा मी त्या दोघींच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

सुदैवाने तक्त्यातली शेवटची ओळ रिकामी होती. सासूबाईंच्या मते साखरांब्यात फक्त वेलदोडा. आईच्या मते केशर, आणि वेलदोडा घालणं म्हणजे कैरीचा वास मारणं. लेकीने म्युनिकहून विचारलं, केशर किती ग्रॅम? मी डबी उघडून आईच्या हिशोबाच्या सगळ्या काड्या काट्यावर ठेवल्या. काट्याने शून्य दाखवलं. त्याला एका ग्रॅमखालचं काही कळत नाही. “बघा,” सासूबाई म्हणाल्या, “काटाच सांगतोय, घालायचं नाही म्हणून.” आईने फोनवरून काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, पण पुढच्या चैत्राची सोय झाली.